वाचकांचे प्रश्न : आधी रॅम्प, मग सत्कार

गेल्या अंकात डचेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, या स्नायूंच्या दुर्मिळ आजाराविषयी लिहिलं होतं. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला हा आजार होतो. डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयार होत नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातात. उपचार नसतील तर बहुतेकांचं चालणं बाराव्या वर्षाच्या आत थांबतं, पुढे हृदयावर आणि श्वासावर ताण येतो. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं उत्तरांसह देत आहोत.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला डीएमडी असलेला मुलगा आहे. पडतो, उठतो, पण शाळा बुडवत नाही, आणि गणितात वर्गात पहिला आहे. साऱ्या गावाला त्याच्याकडून प्रेरणा मिळते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, व्यासपीठावर बोलावून त्याचा सत्कार करायचं ठरतंय. भाषणात काय बोलावं?
— एक शिक्षक, औसा तालुका

गुरुजी, भाषणाचं नंतर बघू. आधी त्या मुलाला एकट्याला गाठून विचारा, आणि आईवडिलांना वेगळं विचारा. दहा-अकरा वर्षांच्या लेकराला नको असेल तर तो तसं सांगेल, फक्त पाहुण्यांसमोर विचारू नका. आजाराबद्दल घरी त्याला किती सांगितलंय हेही समजून घ्या. ‘याच्याकडे दिवस थोडे आहेत’ असं वाक्य माईकवरून पहिल्यांदा कानावर पडणारी मुलं आहेत. ते वाक्य आता खरंही राहिलेलं नाही. स्टेरॉईड, हृदयाची औषधं आणि श्वासाचं यंत्र वेळेवर मिळालं तर अनेक जण तिशीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जगतात.

त्याची हरकत नसेल तर सत्कार गणिताचा करा. कोणती गणितं सोडवली, कशी सोडवली, ते बोला. आजाराचं नाव भाषणात नसलं तरी चालेल. आणि त्या दिवशी व्यासपीठच ठेवू नका. ध्वजवंदन पटांगणात होतं, पाहुण्यांच्या खुर्च्याही तिथेच मांडा. गावादेखत पायऱ्यांवरून उचलून नेलेलं कोणत्याच मुलाला आवडत नाही.

आता त्याच्या ताकदीबद्दल. गोठ्यावरचा पत्रा खालून तारांनी आवळलेला असतो. तारा नसल्या तर वाऱ्याच्या प्रत्येक झोतात पत्रा हलतो आणि खिळ्यांची भोकं मोठी होत जातात. डिस्ट्रोफिनचं काम त्या तारांचं. ते नसल्यामुळे प्रत्येक हालचालीत स्नायूच्या पेशीचं आवरण थोडं थोडं फाटतं. सगळ्यात जास्त फाटतं ते स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागला की : पायऱ्या उतरताना, उडी मारून खाली येताना, उठाबशा काढताना. म्हणून या मुलाला उठाबशांची शिक्षा कधीच द्यायची नाही, कवायतीच्या तासालाही नाही. ‘व्यायाम केला की स्नायू घट्ट होतील’ म्हणून त्याला पळवणारे शिक्षक चांगल्या मनानेच पळवतात, आणि नुकसान करतात. सपाट जागेवर त्याच्या मनाने चालणं चांगलं, पाण्यात पोहणं त्याहून चांगलं. दुसऱ्या दिवशी पाय दुखले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर आदल्या दिवशी अति झालं असं समजा आणि डॉक्टरांना कळवा.

मग शाळेत त्याची ताकद कुठे जाते ते एक दिवस बसून मोजा. सतरंजीवरून त्याला किती वेळा उठावं लागतं? तो गुडघ्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठत असेल. दर तासाला ‘एक साथ नमस्ते’साठी असं उठणं बंद करा. त्याला हात टेकायला दांडे असलेली खुर्ची द्या. पाय जमिनीला टेकतील आणि उठायला सोपं जाईल इतकीच उंच. वर्गात तो एकटाच खुर्चीवर दिसू नये म्हणून त्या कोपऱ्यात आणखी दोन-तीन मुलांनाही बाकावर बसवा. पोषण आहाराची पंगत खाली बसते, तिथेही हीच सोय हवी. प्रार्थनेला त्याने बसून राहावं. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणि मुतारीच्या जवळ असावा. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी, म्हणजे दप्तर उरतच नाही.

मुतारी जवळ हवी याला आणखी एक कारण आहे. तिथे जाणं अवघड असलं की ही मुलं पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात चक्कर. दर दोन तासांनी पाणी आणि दर दोन तासांनी बाहेर, हे त्याने मागण्याची वाट न पाहता ठरवून टाका. पावसाळ्यात व्हरांड्यातली शहाबादी फरशी ओली राहिली तर कोणीही घसरतं. पण हा मुलगा पडताना हात पुढे टाकू शकत नाही, डोकं आपटतं. फरशी कोरडी करणं हे त्या शाळेतलं पहिलं औषध समजा.

डिस्ट्रोफिन मेंदूतही काम करतं. त्यामुळे यातल्या काही मुलांना वाचायला किंवा लक्ष टिकवायला जड जातं. तुमचा विद्यार्थी गणितात पुढे आहे, पण मराठीच्या उताऱ्यात अडखळत असेल तर तो आळस समजू नका. पुढे लिहिताना हात दमेल तेव्हा तोंडी उत्तरं घ्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ यांची सोय असते, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे, उपकार नाही. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेतून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि विशेष शिक्षक मिळू शकतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात मागणी द्या, आणि पोच घ्या.

शाळेचा रॅम्प ग्रामपंचायतीतून करायचा आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गावात झाला, पण त्यावरून चाकाची खुर्ची चढतच नाही. काय चुकलं असेल? पैसे कशातून घ्यावेत?
— ग्रामपंचायत सदस्य, जिंतूर तालुका

बहुतेक वेळा लांबी चुकते. माप सरळ आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेचा जोता दोन फूट असेल तर रॅम्प २४ फूट लांब. ठेकेदार जागा आणि सिमेंट वाचवायला आठ फुटांत उरकतो. मग ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. पटांगणात २४ फूट सरळ जागा नसेल तर १२ फुटांवर वळवा, पण वळणावर पाच बाय पाच फुटांचा सपाट कट्टा सोडा. वर दारासमोरही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घसरते.

रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना चार इंचांचा बांध, म्हणजे पुढचं छोटं चाक कडेवरून खाली जात नाही. दोन्हीकडे लोखंडी पाईपचा कठडा, एक पाईप मोठ्यांच्या हाताला आणि एक लहानांच्या, जमिनीपासून साधारण दोन फुटांवर. वरून गुळगुळीत घोटाई करू नका, फरशी तर नकोच. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा.

दुसरी चूक आपल्या काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट टाकलं की वर्षभरात रॅम्प खचतो आणि व्हरांड्याशी दोन-तीन इंचांची फट पडते. चाक नेमकं त्या फटीत अडकतं. काळी माती काढून टाका, मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोका, मग काँक्रीट. त्यानंतर किमान सात दिवस पाणी. वर्गाच्या दाराची रुंदी आतून ३२ इंचांपेक्षा कमी नको, आणि उंबरठा असेल तर तो काढून टाका. संडासात कमोड आणि भिंतीला पक्का दांडा लागेल, खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागेल. रॅम्प होतो आणि संडास राहून जातो, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. तेव्हा दोन्ही एकाच अंदाजपत्रकात घाला.

पैशांसाठी, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठीच खर्चायचे असतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. तो निधी पुरणार नसेल तर उरलेल्यासाठी समग्र शिक्षेकडे मागणी. काम याच वर्षी करा. पाचवी-सहावीतल्या मुलाच्या बाबतीत दोन वर्षांनी झालेला रॅम्प उशिरा झालेला असतो.

आम्ही ऊसतोडीला जातो. लेकराला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत संगं न्यावं लागतं. मागच्या साली गोळ्या संपल्या तर पंधरा दिवस दिल्याच नाहीत, लेकरू गळून पडलं. आता काय करावं?
— एक आई, गेवराई तालुका

ताई, गळून पडलं ते आजार वाढल्याने नव्हे, गोळी एकदम बंद झाल्याने असण्याची शक्यता जास्त. डीएमडीत देतात त्या गोळ्या, प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकोर्ट, स्टेरॉईड असतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी आहेत. शरीराला लागणारं स्टेरॉईड एरवी त्याच बनवतात. बाहेरून रोज गोळी मिळायला लागली की त्या झोपी जातात. गोळी अचानक थांबली तर शरीरात काहीच उरत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, जीवावरही बेतू शकतं. गोळी कमी करायचीच असेल तर ती हळूहळू, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या बेताने.

तेव्हा निघण्याआधी हिशेब करा. प्रेडनिसोलोन साधारणपणे वजनाच्या किलोमागे रोज पाऊण मिलिग्रॅम देतात. वीस किलोच्या लेकराला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. सहा महिन्यांच्या ५४० झाल्या, वर महिनाभराच्या ९० जास्त धरा. तुमच्या लेकराचा डोस चिठ्ठीवर असेल, त्यानेच मोजा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वाराती, डॉक्टरांना ‘आम्ही सहा महिने बाहेर आहोत’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे चिठ्ठी तशी लिहितील. गोळ्या पाकिटातून सुट्या काढू नका. पत्र्याच्या डब्यात घाला आणि डबा कोपीत सावलीला ठेवा. गोळी सकाळी खाल्ल्यावर.

एका जाड कागदावर चार ओळी लिहून घ्या आणि प्लास्टिकमध्ये घालून लेकराच्या पिशवीत ठेवा : आजाराचं नाव. ‘स्टेरॉईडवर आहे, अचानक बंद करू नये.’ ‘भूल देताना सक्सिनिलकोलीन आणि नाकावाटे ओढून घ्यायची भूल टाळावी.’ आणि तुमच्या डॉक्टरांचा फोन. मराठीत आणि इंग्रजीत लिहा. कर्नाटकातल्या कारखान्याला जात असाल तर कन्नडमध्येही लिहून घ्या. भुलीची ओळ साधी नाही. त्या औषधांनी डीएमडीच्या मुलाचे स्नायू एकदम फुटून रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. हात मोडला, अपेंडिक्स आलं, म्हणून रात्री अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर तो कागदच बोलतो.

गोळीनंतर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्या. तीही उलटली, किंवा ताप आणि गुंगी असेल, तर वाट पाहू नका. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. कोप्यांवर कोणाला कांजण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, स्टेरॉईडवरच्या मुलाला त्या फार जड जातात. पाठ दुखते म्हणाला तर ‘खेळला असेल’ म्हणून सोडू नका. स्टेरॉईडने हाडं ठिसूळ होतात, मणका दबलेला असू शकतो, एक्स-रे काढावा लागतो.

टाच वर ओढण्याचा व्यायाम फडावरही होतो. लेकराला उताणं झोपवा, गुडघा सरळ. तुमच्या तळहातात त्याची टाच धरा आणि मनगट ते कोपर या हाताच्या भागाने पूर्ण पाऊल त्याच्या गुडघ्याकडे दाबा. मनात तीस मोजा, सोडा. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, आठवड्यातून पाच-सहा दिवस. ओढ जाणवावी, दुखू नये. नुसती बोटं दाबली तर पाऊल मधेच वाकतं आणि टाचेची शीर तशीच आखडलेली राहते. हीच चूक सर्वांत जास्त होते. जाताना त्याला उसाच्या ट्रॉलीवर बसवू नका, एसटीने न्या. दिव्यांग कार्डावर भाड्यात सवलत आहे. आजी-आजोबा घरी असतील आणि त्यांना गोळी व व्यायाम जमत असेल तर त्याला गावीच शाळेत ठेवण्याचा विचार जरूर करा.

आमच्या वाडीतला चार वर्षांचा मुलगा सारखा पडतो, चवड्यांवर चालतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. रक्तात एसजीपीटी वाढलं म्हणून काविळीचं औषध चालू आहे.
— आशा सेविका, भूम तालुका

ताई, तुमची नजर बरोबर आहे. एसजीपीटी फक्त यकृतातून येत नाही, झिजणाऱ्या स्नायूंतूनही येतं. डोळे पिवळे नसतील, भूक चांगली असेल आणि पोटऱ्या जाड आहेत, तर काविळीच्या औषधाआधी सीपीके ही रक्ततपासणी सांगा. एरवी ती साधारण दोनशेच्या आत असते, डीएमडीत हजारोंत जाते. वाढलेली निघाली की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. तिथून जनुकीय तपासणी, आधी एमएलपीए, म्हणजे जनुकाचा एखादा तुकडा गळालाय किंवा दुप्पट झालाय का ते पाहणारी. तिच्यात सापडलं नाही तर पूर्ण जनुकाचं वाचन. स्नायूचा तुकडा काढायची वेळ आता क्वचित येते.

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. मुलाला डीएमडी निघाल्यापासून घरात सगळे म्हणतात, नात्यात दिली म्हणून झालं. माझ्या बहिणीला दुसरा महिना आहे.
— एक वाचक, परभणी

नात्यातल्या लग्नाचा डीएमडीशी संबंध नाही. थॅलेसेमिया किंवा एसएमए (स्नायू दुबळे करणारा चेतापेशींचा आजार) यांसारख्या आजारांत असतो, म्हणून गैरसमज होतो. डीएमडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स आईकडूनच येतं. वडील कोण, नात्यातले की परके, याने फरक पडत नाही. आता याचा अर्थ ‘मग आईचा दोष’ असाही लावू नये. तीनांतल्या जवळपास एका मुलात हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. आणि असला, तरी तो कोणी मागून घेतलेला नसतो.

बहिणीच्या बाबतीत मात्र घाई करा. तुमच्या मुलाचा जनुकीय अहवाल घेऊन तिची तपासणी याच आठवड्यात पाठवा. त्या अहवालाशिवाय प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही. ती वाहक निघाली, म्हणजे तिच्या जनुकात तोच बदल सापडला, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन, गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग निदानाच्या कायद्यात अशा आजारांच्या तपासणीला परवानगी आहे, पण ती नोंदणी असलेल्या जनुकीय केंद्रातच. साध्या सोनोग्राफीत हा आजार दिसत नाही. तुमची स्वतःची तपासणी निर्दोष आली तरी पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करा, कारण बदल फक्त बीजांडांत असू शकतो. आणि तुम्ही वाहक निघालात तर स्वतःच्या हृदयाची इको करून घ्या. वाहक बायांचं हृदयही कधी कधी कमजोर होतं, आणि मुलाच्या धावपळीत ते तपासायचं राहून जातं.

स्टेम सेलने डीएमडी बरा होतो अशी जाहिरात पाहिली. शेत गहाण ठेवायची तयारी आहे.
— एक वडील, मुखेड तालुका

दादा, शेत ठेवू नका. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, उपचार पैसे घेऊन विकता येत नाही. संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं २०२१चं धोरण आहे, त्यात डीएमडीचं नाव आहे. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र, हैदराबादलाही एक आहे. मुखेडहून हैदराबाद जवळ पडेल. जनुकीय अहवाल, इको आणि फुप्फुसाची तपासणी घेऊन तिथे नाव नोंदवा. नवीन औषधांच्या चाचण्या आल्या तर जनुकातला नेमका बदल कोणता, यावर निवड होते. तो अहवाल हीच तुमची खरी गुंतवणूक.

माझ्या वर्गातला मित्र पडला की सगळे धावतात आणि तो चिडतो. मी काय करू?
— इयत्ता आठवीची विद्यार्थिनी, सेलू

तो चिडतो कारण सगळे एकदम काखेत हात घालून ओढतात. त्याचे खांदे सैल आहेत, तसं ओढलं की दुखतं आणि तो हातातून सटकतो. तू आधी विचार, “लागलं का? उठायचंय की थोडं बसायचंय?” डोक्याला लागलं असेल, पाय हलवता येत नसेल, तर हलवू नको, सरांना बोलाव. पायाला मार लागल्यावर काही तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा, त्याला धाप लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर मोठ्यांना लगेच सांग, तसं होणं धोक्याचं असतं आणि तेव्हा दवाखान्यातच जावं लागतं.

काही लागलेलं नसेल तर बाकीच्यांना वर्गात जायला सांग आणि एक खुर्ची त्याच्यासमोर आणून घट्ट धरून ठेव. तो आधी गुडघ्यांवर येईल, मग हात खुर्चीवर टेकवेल. त्याला वेळ लागेल. तोवर तू कालच्या गृहपाठाचं काहीतरी विचार.